घमेलं बघून दूध तोडायचं: जर्सी वासरांसाठी माझी आठ आठवड्यांची रीत

मंगळी या आमच्या पाडीचं घमेलं रोज संध्याकाळी रिकामं असायचं. सकाळी पाऊण किलो भरडा घालायचे आणि दिवेलागणीला तळ दिसायचा. सहा आठवड्यांची झाली होती, खायला लागली आहे असं मी धरून चालले, आणि आषाढात तिचं दूध तोडलं. तेही एका दिवसात. आठवड्याभरात तिच्या बरगड्या मोजता यायला लागल्या. फितीनं छातीचा घेर मोजून वजन काढलं तर ते ३ किलो उतरलेलं. केस उभे, शेण पातळ, डोळ्यांत पाणी. खाते तर आहे, मग होतंय काय, हे मला उमगेना. एका दुपारी पावसानं जरा उघडीप दिली म्हणून पेंढा काढायला गोठ्यात गेले, तेव्हा दिसलं. घमेल्याभोवती आमच्या चार कोंबड्या, काठावर एक कावळा, आणि मंगळी कोपऱ्यात उभी राहून त्यांच्याकडे बघते आहे.

तिला परत दुधावर घेतलं आणि ती वाचली. पण तीन महिन्यांची झाली तेव्हा ४४ किलोच भरली. तिच्याच आईची पुढच्या वेताची पाडी शेवंती त्या वयात ५९ किलो होती. हे पंधरा किलो मंगळीनं पुढे कधीच भरून काढले नाहीत. तिला भरवायला, म्हणजे गाभण ठेवायला, शेवंतीपेक्षा पाच महिने जास्त थांबावं लागलं, आणि ते पाच महिने ती नुसती खाऊनच होती.

म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवते आहे. आमची वाडी गुहागर तालुक्यात, समुद्रापासून दोनेक किलोमीटर आत. गोठ्यात सात गाई, त्यातल्या सहा जर्सी संकरित. सकाळचं दूध रतीबाला जातं, संध्याकाळचं खानावळींना, लिटरला ६० रुपयांनी. वासरू चार महिने पीत राहिलं की दिवसाला तीन लिटरच्या हिशेबानं साडेतीनशे लिटर दूध त्याच्या पोटात जातं. दूध लवकर तोडावं असं वाटणं साहजिक आहे, आणि ते तोडताही येतं. माझ्याकडे आता पन्नास दिवसांच्या आसपास तुटतं. मात्र तोडायचा दिवस वासराचं पोट ठरवतं, कॅलेंडर नाही.

कोणाचं तोडायचं नाही

आधी हे सांगते, कारण इथे चूक झाली तर वासरू आणि दूध दोन्ही जातं. गावठी गाईच्या वासराला ही रीत लावू नका. आमची तांबू गावठी आहे. आपल्या भागातल्या या बुटक्या, काटक गाईंची कोकण कपिला म्हणून स्वतंत्र जात कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं नोंदवलेली आहे. त्यांचं दूध थोडं, आणि वासरू ढुशी मारल्याशिवाय पान्हा सुटत नाही. वासरू दूर केलंत की गाय दूध चोरते आणि लवकर आटते. म्हशीचंही बऱ्याचदा तसंच. तांबूचं वासरू आम्ही आईजवळच ठेवतो, दोन सड त्याचे, दोन आमचे. पुढचं सगळं जर्सी किंवा होल्स्टीन संकरित गाईंच्या वासरांसाठी आहे, जी पहिल्या दिवसापासून बाटलीवर किंवा बादलीवर वाढतात.

आणखी एक. जे वासरू जन्मतः अशक्त आहे, किंवा पहिल्या महिन्यात दोनदा हगवणीनं बसलं आहे, त्याला आठ-दहा आठवडे दूध द्या. त्याच्यावर दूध वाचवू नका.

चीक आधी वासराचा

गाय व्याली की आमच्याकडे शेजारून पातेली येतात. खरवस सगळ्यांना हवा असतो, आणि चीक वाटायचीही रीत आहे. मी सासूबाईंना एवढंच म्हटलं, "आई, पहिल्या धारेचा चीक वासराचा, दुसऱ्या दिवसापासूनचा गावाचा." त्यांना ते पटायला एक वासरू गमवावं लागलं, त्यावर इथे जास्त लिहीत नाही.

वासरू आईच्या पोटात असताना आईच्या रक्तातली रोगप्रतिकारक द्रव्यं त्याला मिळत नाहीत. ती सगळी चिकातून येतात, आणि ती आतड्यातून रक्तात शिरायचं दार जन्मल्या तासापासून मिटायला लागतं. चोवीस तासांत ते बंद होतं. म्हणून पहिल्या दोन तासांत लिटर-दीड लिटर, आणि सहा-आठ तासांच्या आत एकूण वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक पोटात गेलाच पाहिजे. वासरू २२ किलोचं असेल तर सव्वादोन लिटर. बारा तासांनी पुन्हा एकदा द्यायचा. नाळेला टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवून घ्यायचं, नुसतं वरून शिंपडून भागत नाही. दूध तोडायच्या लेखात चिकाचं एवढं का, असं कोणाला वाटेल. चीक कमी मिळालेलं वासरू पहिला महिना आजारपणात घालवतं, खाणं उशिरा धरतं, आणि मग पन्नासाव्या दिवशी त्याचं दूध तुटतच नाही.

वजन मी जन्माच्या दिवशीच घेते. घरातल्या वजनकाट्यावर आधी एकटी उभी राहते, मग वासरू उचलून, आणि वजाबाकी करते. शेवंती २२ किलो होती.

पोटात काय घडायला हवं

जन्मलेल्या वासराला पोटाचे चारही कप्पे असतात, पण काम एकच कप्पा करतो, चौथा. चोखताना किंवा दूध पिताना अन्ननळीच्या टोकाशी एक पन्हळ मिटते आणि दूध पहिला मोठा कप्पा टाळून थेट चौथ्यात उतरतं. तो पहिला कप्पा, म्हणजे ज्याच्या जोरावर गाय गवतावर जगते ते कोटीपोट, तेव्हा लहानशा रिकाम्या पिशवीसारखं असतं. आतून गुळगुळीत. त्याच्या भिंतीवर बारीक केसाळ उंचवटे यायला हवेत, तेव्हा कुठे ते अन्नरस शोषू लागतं.

हे उंचवटे दुधानं येत नाहीत, कारण दूध तिथे जातच नाही. नुसत्या गवतानंही फारसे येत नाहीत. गवतानं पिशवी ताणते, तिचे स्नायू बळावतात. उंचवटे वाढवतात ती दाण्यातला पिष्ट पदार्थ आंबून तयार होणारी आम्लं. म्हणजे दाणा पोटात गेला पाहिजे, त्याला आंबायला पाणी पाहिजे, आणि हे दोन-तीन आठवडे रोज घडलं पाहिजे. पाणी त्या पन्हळीतून जात नाही, ते सरळ कोटीपोटात पडतं. "दूध पितंय की, पाणी कशाला?" असं आमच्या वाडीत अजून विचारतात. दुधातल्या पाण्याचा कोटीपोटाला उपयोग नाही, हे त्याचं उत्तर. चौथ्या दिवसापासून वासरापुढे स्वच्छ पाण्याची वेगळी बादली हवीच.

भरडा

बाजारात काफ स्टार्टर, म्हणजे वासरांचं तयार खाद्य, मिळतो. ताजा मिळत असेल तर तो चांगलाच. आमच्याकडे तो घाटावरून येतो आणि पावसाळ्यात पोत्याला हात लावला तर ओल लागते. एका दुकानातून आणलेल्या पोत्याच्या तळाशी हिरवट बुरशी निघाली, तेव्हापासून मी घरीच करते. शंभर किलोला ५० किलो मका, २८ किलो शेंगदाणा पेंड, १९ किलो गव्हाचा भुसा (काड नव्हे, कोंडा), २ किलो क्षार मिश्रण आणि १ किलो मीठ. यात प्रथिनं वीस टक्क्यांच्या आसपास बसतात, आणि वासराला एवढी लागतातच. गेल्या खेपेला दळणासकट किलोला ३८ रुपये पडले.

मका पीठ करून आणू नका. पिठाचा नाकाला भुगा लागतो, वासरू शिंकतं आणि तोंड फिरवतं. शिवाय तोंडात त्याचा गोळा होतो. लापशीच्या रव्यासारखा जाडसर भरडा हवा. चिमूटभर गूळ मी पहिल्या पंधरा दिवसांत लावते, पुढे लागत नाही.

खोबऱ्याची पेंड आपल्याकडे सहज मिळते म्हणून वापरावीशी वाटते. मोठ्या गाईला जरूर द्या. वासराच्या भरड्यात नको. तिच्यातली प्रथिनं वाढत्या वासराला पुरी पडत नाहीत, आणि पावसाळी हवेत ती खवट होते. भाताचा कोंडाही तसाच, चार दिवसांत वास धरतो. सरकी पेंड वासराला अजिबात नाही. मोठ्या जनावरांच्या गोळी पेंडीतली मूठभर वासराला टाकायची सवय बऱ्याच घरी आहे. काही गोळी पेंडीत युरिया असतो, आणि कोटीपोट पक्कं न झालेल्या वासराला तो विषासारखा आहे. पोत्यावरची चिठ्ठी वाचा.

पहिला महिना: दूध पोटभर

पहिल्या आठवड्यात दिवसाला ३ लिटर, मग चौथ्या आठवड्याच्या अखेरपर्यंत ४ लिटर, दोन वेळांत. दूध अंगाइतकं कोमट हवं, मनगटावर थेंब टाकला तर गारही लागू नये आणि चटकाही बसू नये. वेळ रोज तीच, माणूसही शक्यतो तेच.

पूर्वी मीही पहिल्याच महिन्यात हात आखडता घ्यायचे. तो तोट्याचा हिशेब आहे. चार लिटर दुधात कोरडा ऐवज जेमतेम अर्धा किलो, आणि त्यावर शेवंती दिवसाला ४०० ते ४५० ग्रॅम वाढत होती. एवढ्या कमी ऐवजात एवढी वाढ तिच्या सबंध आयुष्यात पुन्हा होणार नाही. वासरू जितकं लहान तितकं खाल्लेलं अंगी लागतं. त्या दिवसांत उपाशी ठेवलेलं वासरू पुढे दुप्पट खाऊनही तेवढं वाढत नाही, मंगळीनं मला ते दाखवलं.

भरडा पाचव्या-सहाव्या दिवसापासून द्यायचा, तोही दूध संपल्या संपल्या. त्या वेळी वासराला चोखायची हुक्की असते, बोट पुढे केलं तर बोट चोखतं. बोटाला भरडा लावून तोंडात द्यायचा, मग तेच बोट हळूच घमेल्यात न्यायचं. चार-पाच दिवस हे केलं की ते आपणहून हुंगायला येतं. घमेल्यात मूठभरच टाकायचा. काल उरलेला आज काढून मोठ्या गाईच्या आंबोणात टाकायचा आणि ताजा घालायचा. लाळेनं भिजलेला भरडा दुपारपर्यंत आंबट होतो आणि वासरू त्याला शिवत नाही. शेवंतीनं दुसऱ्या आठवड्यात दिवसाला ५० ग्रॅम खाल्ला, तिसऱ्यात १००, चौथ्यात २००. आकडे बारीक वाटतात, पण पोटातले उंचवटे याच मुठींवर वाढतात. तिसऱ्या आठवड्यात ती दुपारची बसून रवंथ करताना दिसली. जबडा आडवा हलत होता, डोळे अर्धे मिटलेले. मी हातातली कळशी खाली ठेवून बघत राहिले.

घमेलं आता मी जमिनीवर ठेवत नाही. बांबूच्या पट्ट्यांचं एक कुंपण वासराच्या कोपऱ्याला घातलंय, त्यात वासराचं डोकं जाईल एवढीच फट, आणि घमेलं पलीकडे खोबणीत अडकवलंय, वर नायलॉनची जाळी. कोंबडी शिरू शकत नाही. आणि आठवड्यातून दोनदा मी भरडा घातल्यावर पंधरा मिनिटं तिथेच बसते. कोण खातंय ते डोळ्यांनी दिसतं.

सुकं गवत तिसऱ्या आठवड्यापासून चिमूटभर. दिवाळीआधी सड्यावरून कापलेलं, हिरवटसर राहिलेलं बारीक गवत मी वासरांसाठी वेगळं बांधून ठेवते. भाताचा पेंढा बसायला घाला, खायला नको. त्यात पोषण फार थोडं, आणि वासराला चघळायला तो आवडतो, त्यामुळे पोट त्यानंच भरतं आणि भरडा मागे राहतो. अशी वासरं ढेरपोटी दिसतात, लोक म्हणतात पोट सुटलंय म्हणजे खातंय चांगलं. पाठीवरून हात फिरवा. कणा टोचत असेल तर ते पोट पेंढ्याचं आहे.

शिंगं जाळायची असतील तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच, डॉक्टरांकडून, बधिर करून. जंतांचं पहिलं औषध दहा ते पंधरा दिवसांचं असताना, पुढे दर महिन्याला, मात्रा डॉक्टरांना विचारून. ही दोन्ही कामं दूध तोडायच्या आठवड्यात ढकलू नका.

दूध उतरवताना

पाचव्या आठवड्यात ३ लिटर, सहाव्यात २, सातव्यात १ लिटर आणि तेही फक्त सकाळी. दूध जसं उतरतं तशी भूक भरड्याकडे वळते. शेवंतीचं पाचव्या आठवड्यात रोजचं सरासरी ४०० ग्रॅम, सहाव्यात ६५०, सातव्यात ९०० झालं.

शेवटचा लिटर बंद करायची माझी अट एकच: जर्सी वासरानं सलग तीन दिवस पाऊण किलोच्या वर भरडा खाल्लेला असावा. होल्स्टीन संकरित मोठं वासरू असेल तर एक किलो. सलग तीन दिवस. दोन दिवस खाऊन तिसऱ्या दिवशी घसरलं तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून, तोवर एक लिटर चालू. त्याबरोबर वजनही बघते. जन्माच्या दुप्पट, किंवा त्याच्या अगदी जवळ. शेवंती एकोणपन्नासाव्या दिवशी ४३ किलो होती, मी तोडलं.

मध्येच एक दिवस, एकोणचाळिसावा, ती ३०० ग्रॅमवर आली होती. ताप नाही, हगवण नाही. बादलीत बघितलं तर पाण्यात शेण पडलेलं, तिनं दिवसभर तोंडच लावलं नव्हतं. पाणी बदललं, दुसऱ्या दिवशी पुन्हा ६५०. पाणी नाही तर खाणं नाही, एवढा सरळ संबंध आहे. किलोभर भरड्याला साधारण चार लिटर पाणी लागतं. दूध तोडल्यावर बादली मोठी करा, कारण दुधातून मिळणारं पाणीही बंद झालेलं असतं.

तोडल्यावर दोन दिवस वासरू हंबरतं. सासूबाईंना ते ऐकवत नाही. "अगो, लहान जीव आहे, घोटभर दे," म्हणतात. मी दुधाच्या वेळेला त्याच बादलीत कोमट पाणी देते, जवळ उभी राहते, मान खाजवते. तिसऱ्या दिवशी आवाज थांबतो. तोडल्यानंतरच्या आठ दिवसांत जागा बदलायची नाही, शेजारचं वासरू बदलायचं नाही, खाद्य बदलायचं नाही, लसही टोचायची नाही. एका वेळी एकच धक्का.

वही आणि फीत

वासरू तीस किलोच्या वर गेलं की उचलवत नाही. मग शिंप्याची फीत. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचांत, आणि खांद्याच्या टोकापासून शेपटीजवळच्या बाहेर आलेल्या हाडापर्यंत लांबी इंचांत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे किलो. शेवंतीचा बारा आठवड्यांचा घेर ३६ आणि लांबी ३०. छत्तीस छत्तीस १२९६, गुणिले तीस ३८,८८०, भागिले ६६०, म्हणजे ५९ किलो. दर रविवारी, सकाळी खाणं-पाणी देण्याआधी, वासरू चारही पायांवर सरळ उभं असताना. खाऊन तुडुंब झालेल्या वासराचं वजन त्याच्या मांसाचं नसतं, पाण्याचं असतं. दूध तोडल्यानंतरच्या आठवड्यात काट्यावर वाढ दिसली तरी फसू नका, कोटीपोट भरल्याचंच ते वजन असू शकतं. छातीचा घेर खोटं कमी बोलतो.

भरडा सकाळी वजन करून घालायचा, दुसऱ्या सकाळी उरलेला वजन करून काढायचा. वजाबाकी वहीत. आता शेवंतीचा हिशेब बघा. पहिल्या सात आठवड्यांत तिनं १४७ लिटर दूध आणि १६ किलो भरडा घेतला, वाढली २१ किलो. खर्च ८,८२० अधिक ६०८, म्हणजे वाढीच्या किलोला साधारण ४५० रुपये. पुढच्या पाच आठवड्यांत तिनं रोज सरासरी १.३ किलो भरडा खाल्ला, एकूण साडेपंचेचाळीस किलो, आणि वाढली १६ किलो. किलोभर वाढीला पावणेतीन किलोच्या थोडा वर भरडा, म्हणजे १०८ रुपये, गवत वेगळं. जुन्या रीतीपेक्षा दोनशे लिटरवर दूध वाचलं आणि वाढ कुठेच अडली नाही.

दूध तोडलेल्या, तीन महिन्यांच्या आतल्या वासराला किलोभर वाढीसाठी तीन किलोपर्यंत भरडा लागणं मी ठीक धरते. चारच्या वर गेलं की काहीतरी चुकतंय. मी या क्रमानं शोधते: घमेल्यात दुसरं कोणी तोंड घालतंय का, भरडा ओला किंवा खवट झालाय का, जंत, शेणात रक्त, गोचीड, ओली जागा. पहिल्या दोनांतच बहुतेक वेळा सापडतं.

आगोटीची तयारी

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हाच खरा कस. थंडी वाजावी एवढा गारठा नसतो, पण ओल्या केसांवर वारं लागलं की वासरू खाल्लेलं सगळं अंग ऊबदार ठेवण्यात घालवतं, वाढीला काही उरत नाही. म्हणून मिरगाआधी वासरांच्या कोपऱ्याला पश्चिमेकडून झापं बांधते, जमिनीपासून वासराच्या पाठीच्या उंचीपर्यंत घट्ट आणि वर मोकळी, म्हणजे झड आत येत नाही आणि मुताचा उग्र वास कोंडत नाही. खाली जांभ्याच्या फरशीवर भाताचं तूस, त्यावर वाळका पातेरा किंवा पेंढा. कोरडं आहे का ते हातानं बघू नका. गुडघे टेकून अर्धा मिनिट बसा. लुगड्याला ओल लागली तर वासरालाही लागते आहे.

भरडा पावसाळ्यात दहा दिवसांपुरताच दळून आणते आणि झाकणाच्या पिंपात, फळीवर ठेवते. शेंगदाणा पेंडीला बुरशी सगळ्यात आधी येते. वास आला, गुठळी दिसली की सगळं खड्ड्यात. ऊन दाखवून परत वापरायचं नाही, कोंबड्यांनाही घालायचं नाही. बुरशी मेली तरी तिचं विष दाण्यात राहतं.

जमलं तर गाई भरवण्याच्या तारखाच अशा धरा, की वासराचं दूध पावसाळ्याच्या ऐन भरात तुटणार नाही. मंगळीचा जन्म ज्येष्ठातला, शेवंतीचा संक्रांतीनंतरचा, शिमग्याला तिचं दूध तुटलं. दोघींच्या वजनातला थोडा फरक त्याचाही आहे.

हगवण लागली तर दूध बंद करू नका, ही सगळीकडे होणारी चूक आहे. दूध चालू ठेवून मधल्या वेळेत क्षारसंजीवनीचं पाणी द्या. डोळे खोल गेले, मानेची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर तशीच उभी राहिली, किंवा शेणात रक्त दिसलं, तर घरगुती उपायांत तास घालवू नका. जनावरांच्या डॉक्टरी मदतीसाठी असलेल्या १९६२ वर फोन करा किंवा जवळच्या दवाखान्यात जा. अशा वासराचं दूध तोडणं किमान दोन आठवडे पुढे ढकला.

तीन महिन्यांनंतर भरड्यात गोळी पेंड हळूहळू मिसळत दहा-बारा दिवसांत बदल करायचा, हिरवा चारा वाढवायचा. चौथ्या महिन्यात लाळ्या खुरकुताची पहिली लस, पाड्यांना चार ते आठ महिन्यांत ब्रुसेलोसिसची. घटसर्प आणि फऱ्याची सहा महिन्यांनंतर, पावसाळ्याआधी. २५० किलोच्या आसपास भरली की जर्सी कालवड भरवायला तयार. फीत तोवर महिन्यातून एकदा लावत राहा.

आत्ता गोठ्यात शेवंतीची पहिली पाडी आहे, चौतीस दिवसांची. आज सकाळी तिनं ३८० ग्रॅम खाल्लेले होते. दूध ३ लिटरवर आहे.